पाताळातले आकाश

मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचे मायाकोव्स्काया स्थानक १९३८ मध्ये सुरू झाले. वास्तुशिल्पी अलेक्सेई दुश्किन यांनी पोलादाने मढवलेल्या स्तंभांवर कमानी तोलल्या; छताच्या घुमट्यांत अलेक्सांद्र देइनेका यांनी रंगीत तुकड्यांतून विमानांचे आकाश जडवले. छायाचित्रकार येथे गर्दी ओसरण्याची वाट पाहतात. रिकाम्या दालनात कमानींची रांग डोळ्यांत भरते खरी. पण ते छायाचित्र सत्तेला हवे तसेच उतरते. वैभव आहे, माणूस नाही. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत मॉस्कोवासीयांनी याच स्थानकात रात्री काढल्या. नोव्हेंबरात स्टालिनचे भाषणही येथेच झाले. म्हणून गाडी गाठायला निघालेली एखादी आजीबाई चौकटीत आली, तर खुशाल येऊ द्यावी. त्या स्तंभांची उंची तिच्याशेजारीच कळते.