बाळंतविड्यातला कापूस

दिवाळी सरली की वणीच्या बाजार समितीकडे कापसाच्या वाहनांची रीघ लागते. पूर्वी ती बैलगाड्यांची असे, आता ट्रॅक्टर आणि टेम्पोंची असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या 170 किलोंच्या गाठी बांधल्या जातात आणि मालमोटारी गिरण्यांच्या गावांकडे निघतात. पुढे कधीतरी त्याच जातीचा कापूस झबली-टोपडी होऊन, पारदर्शक पेटीत, सॅटिनच्या फितीने बांधलेला, तिरुप्पूरहून गावातल्या दुकानात परत येतो. रुई किलोने गेलेली असते, झबले नगाने येते. या दोन भावांमधले अंतर व्यापाऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

वणीचे कापसाशी नाते जुने आहे. इंग्रजी अमदानीत सारा जिल्हाच या गावाच्या नावाने, ‘वूण’ म्हणून, ओळखला जाई. 1905 साली त्याचे नाव यवतमाळ झाले. शेजारच्या हिंगणघाटच्या नावाने विकला जाणारा वऱ्हाड-वर्ध्याकडचा देशी कापूस मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होता. अशा मुलखात नव्या बाळाच्या अंगाला काय लावावे, हा प्रश्न पडायला नको. तरी आज तो पडतो. सून मोबाइलवर याद्या पाहत असते, सासूबाई कपाटातून जुनी लुगडी काढत असतात, आणि दोघींचाही हेतू एकच असतो.

मराठी घरांत याला बाळंतविडा म्हणतात; राजस्थानी मुळाच्या घरांत माहेरहून जामणा येतो. त्यात नवे कपडे असत, पण पहिले काही दिवस बाळाच्या अंगाला जुनेच कापड लागे. आजीचे शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे फाडून लंगोट आणि दुपटी होत. या रिवाजाला कारण आहे. नव्या कापडात खळ असते, रंगाचा सुटा अंश असतो. चुण्या पडू नयेत म्हणून केलेल्या प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्येही वापरली जातात. वारंवार धुतलेल्या कापडातून हे सारे निघून गेलेले असते आणि धागाही सैल, मऊ, पाणी शोषणारा झालेला असतो. जुने लुगडे मिळण्यासारखे नसेल, आणि आता पुष्कळ घरांत साड्या सिंथेटिकच असतात, तर साधे मलमल किंवा धुऊन मऊ केलेले मांजरपाट आणावे आणि बाळ येण्यापूर्वी तीन-चार वेळा धुऊन घ्यावे. दिवसाला आठ-दहा बदल धरले, तर पंचवीस-तीस लंगोट पुरतात.

एकदा वापरून टाकायचे डायपर अमेरिकेत 1961 नंतर सर्रास बाजारात आले. त्यांचा बाहेरचा आणि आतला थर पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण. हे कण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव धरून ठेवतात, म्हणून बाळ कोरडे वाटते आणि आईला झोप मिळते. ही सोय लहान नाही. तिची थट्टा करणाऱ्यांनी रात्रीतून पाच वेळा उठून पाहावे. मात्र अडीच वर्षांत एका मुलामागे चार हजारांच्या आसपास डायपर होतात आणि त्यांतला प्लॅस्टिकचा भाग शतकानुशतके कुजत नाही. घनकचरा नियमांनुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून, वेगळा ओळखू येईल असा द्यायचा असतो. किती घरांतून तो तसा दिला जातो? कचरागाडीवर ते बोचके सोडून पाहणारा हातही कुणाच्या तरी मुलाच्या बापाचाच असतो.

जैन घरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. मलमूत्रासारख्या अशुचिस्थानी दोन घडींनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, हे व्याख्यानांतून सर्वांनी ऐकलेले असते. साधु-साध्वींच्या पाच समितींपैकी पाचवी, परिष्ठापनिका समिती, उत्सर्ग कुठे आणि कसा करावा याविषयीच आहे. श्रावकाला ती त्या काटेकोरपणे लागू नाही, पण तिचा अर्थ त्याला लागू आहे. मूत्राने भरलेली गोष्ट प्लॅस्टिकमध्ये बंद करून वर्षानुवर्षे साठवून ठेवणे आणि कापड वेळेत धुऊन उन्हात वाळवणे, यांत या दृष्टीने कोणते बरे, हे उघड आहे. अर्थात ओले लंगोट रात्रभर बादलीत भिजत ठेवणाऱ्यालाही हाच हिशेब लागू होतो.

परंतु कापड म्हटले की सारे आपोआप निर्दोष होते, असे नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2008 साली केलेल्या तुलनेत अडीच वर्षांच्या वापरात फेकायच्या डायपरचा कार्बनभार सुमारे 550 किलो, तर कापडी लंगोटांचा सुमारे 570 किलो निघाला. म्हणजे सरासरी पाहिली तर कापड हरले. कारण होते गरम पाण्याची धुलाई आणि विजेवरचे वाळवणी यंत्र. यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर हाच भार सुमारे 200 किलोंनी उतरतो. वणीत वाळवणी यंत्राची गरज कुणाला? एप्रिल-मे महिन्यांत लंगोट दोरीवर टाकून वळेपर्यंत सुकलेला असतो. अडचण दुसरीच आहे. कोळशाच्या वाहतुकीची काळी धूळ रस्त्याकडेच्या दोरीवर बसते. म्हणून लंगोट आतल्या अंगणात किंवा गच्चीवर सकाळीच वाळत घालावेत आणि उचलताना झटकून घ्यावेत. श्रावण-भाद्रपदात ऊन मिळत नाही, तेव्हा पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी लागते.

पाण्याचा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे काढतात आणि तो योग्यच असतो. अपकायाची विराधना कमी व्हावी म्हणून जिथे आंघोळीचे पाणीही मोजून घेतात, तिथे रोज दोन बादल्या लंगोटांवर खर्चायच्या का? उन्हाळ्यात पाण्याची ओढ असतानाचा हा प्रश्न केवळ धार्मिक राहत नाही. मळ आधी शौचकुपात झटकून टाकला, पहिले खळबळणे थोड्या थंड पाण्यात केले आणि मग दिवसाचे सारे लंगोट एकत्र धुतले, तर पाणी बरेच वाचते. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नये. त्याने धाग्याची शोषण्याची शक्ती घटते. फेकायचे डायपर बनवायलाही पाणी लागतेच. ते आपल्या नळातून जात नाही, एवढाच फरक.

खरा प्रश्न हातांचा आहे. सव्वा महिना बाळंतिणीला पाण्यात हात घालू देत नाहीत, मग लंगोट धुणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच असते: कामवाली बाई. तिच्या रोजच्या धुण्यात हे लंगोट गुपचूप मिळवले जातात आणि पगार मात्र तोच राहतो. घराची पर्यावरणनिष्ठा तिच्या कंबरेवर उभी राहत असेल, तर तिला अहिंसा म्हणणे अवघड आहे. या कामाचे वेगळे पैसे ठरवावेत. सायंकाळचे चौविहार आटोपून बसलेल्या बापालाही बादली उचलता येते. आणि रात्रीपुरता, किंवा नागपूरच्या प्रवासात, एखादा फेकायचा डायपर वापरला म्हणून बिघडत नाही. दिवसा कापड आणि रात्री डायपर धरला, तरी संख्या निम्म्याहून खाली येते.

आता लेबलांकडे. ‘पुन्हा वापरता येणारा’ म्हणून जे रंगीत चित्रांचे डायपर विकले जातात, त्यांचे बाहेरचे आवरण बहुधा पॉलिएस्टरवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ थराचे असते. ते पुष्कळ वेळा वापरले जाते हा त्याचा गुण. नैसर्गिक मात्र ते नव्हे. ‘बांबूचे मऊ कापड’ हा त्याहून मोठा घोटाळा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची ओळख असलेल्या या भागाला बांबूचा लगदा नवा नाही. बाजारातले बांबूचे कापड प्रायः त्या लगद्यापासून कार्बन डायसल्फाइड वापरून केलेले व्हिस्कोस असते, आणि ते द्रव्य कामगारांच्या मज्जासंस्थेला अपाय करते.

सेंद्रिय कापसाचे तसेच. ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो. परंतु 2020 साली त्याच संस्थेने भारतातील सुमारे 20,000 टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे उघड केले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. गाठीचा नमुना बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणाऱ्या माणसाने बाळाच्या झबल्यावरचा शिक्का मात्र डोळे मिटून मानावा, हे नवल आहे. विक्रेत्याला व्यवहार प्रमाणपत्र मागावे. वर्ध्याला जाणे जमत असेल तर मगन संग्रहालय पाहावे; 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी उघडलेल्या या संस्थेत आज सेंद्रिय कापसाची, वनस्पतिज रंगांची खादी मिळते.

सेंद्रिय कापूस का घ्यावा, याचे उत्तर बाळाच्या त्वचेत शोधू नये. कापड होईपर्यंत कापूस इतक्या वेळा धुतला-विरंजला जातो की फवारणीचा अंश त्यात फारसा उरत नाही. उत्तर शेतात आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. पुष्कळांच्या तोंडाला फडक्यापलीकडे काही नव्हते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचे नाव आहे, आणि कृषी केंद्रे चालवणारी घरे समाजात आहेत. त्या गल्ल्यावर बसणाऱ्याने औषधाच्या बाटलीबरोबर मुखपट्टी आणि हातमोजे दिले, दोन विषे मिसळू नका असे बजावले, तर निदान काही हानी टळेल. दुकान बंद करा असे सांगणे सोपे असते. ते सांगणाऱ्याचे दुकान सहसा दुसऱ्या मालाचे असते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समजही घरातूनच काढावा लागतो. मध जैन घरात वर्ज्यच आहे, आणि वैद्यकही वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये म्हणते, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझम होऊ शकतो. गुळाच्या पाण्याची घुटीही नको. सहा महिने आईचे दूध पुरे. काजळात शिशाचा धोका असतो. खेळण्यांत चन्नपट्टणची लाकडी खेळणी सुंदर असतात, परंतु त्यांवरची लाख कीटकजन्य आहे आणि लाक्षावाणिज्यही त्याच पंधरांत येते. ज्यांना हे खटकते त्यांनी बिनरंगी, घासून गुळगुळीत केलेले लाकूड घ्यावे. प्लॅस्टिकचे खेळणे घ्यायचेच तर 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झालेले आयएसआय चिन्ह पाहावे. वरचे दूध द्यावे लागले तर स्टीलची वाटी आणि चमचा उकळून घेणे बाटलीपेक्षा सोपे आणि स्वच्छ.

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की लंगोटांचा गठ्ठा धुऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवला जातो. दोन वर्षांनी तो धाकट्या भावंडाला किंवा चुलत घरातल्या बाळाला लागतो. तिसऱ्या बाळापर्यंत कडा विरतात. मग त्यांतले बरे तुकडे गोधडीच्या आतल्या थरात जातात, आणि अगदीच झिजलेला एखादा दुकानात तराजूच्या पारड्यावरची धूळ पुसायला येतो.