विकणे आहे: जग फिरलेली नाव

मलेशियातलं लंकावी, थायलंडमधलं फुकेत, कॅरिबियनमधलं ग्रेनाडा, न्यूझीलंडचा उत्तर किनारा. लांब पल्ल्याच्या शिडाच्या नावा विकायला येतात त्या अशा ठिकाणी. कुणी जोडपं नोकरी सोडून, घर भाड्याने देऊन जगप्रदक्षिणेला निघालेलं असतं. दोन महासागर पार होतात आणि मग गुडघे बोलायला लागतात, घरी आईवडील थकतात, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो किंवा सरळ पैसे संपतात. नाव तिथल्याच धक्क्याला बांधून दलालाच्या हवाली केली जाते आणि जाहिरात लागते: लांबच्या प्रवासासाठी सुसज्ज, निघायला तयार.

त्याखाली भलीमोठी यादी असते. सौर पॅनेल, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, विजेवर नांगर ओढणारा विंडलास, रडार, आजूबाजूची जहाजं दाखवणारी एआयएस यंत्रणा, लाइफराफ्ट, उपग्रहाकडे संकटाचा इशारा पाठवणारा ईपर्ब. नवखं गिऱ्हाईक या यादीवर भुलतं. जुनी नाव विकत घेणाऱ्याने ही यादी सगळ्यात शेवटी वाचावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यातली निम्मी यंत्रं खारी हवा खाऊन म्हातारी झालेली असतात. लाइफराफ्ट ठरावीक वर्षांनी उघडून तपासून घ्यावा लागतो. तारीख उलटलेला राफ्ट म्हणजे डेकवरचं ओझं. ईपर्बच्या बॅटरीलाही मुदत असते, आणि त्याची नोंदणी मालकाच्या नावावर असते. नाव विकल्यावर ती बदलून घेतली नाही, तर नवा मालक भर समुद्रात बुडत असताना बचाव केंद्राचा फोन जुन्या मालकाच्या घरी वाजतो. विकणाऱ्यालाही या सामानाचे फारसे पैसे सुटत नाहीत. गोड्या पाण्याच्या यंत्रावर त्याने हौसेने केलेला खर्च बाजार भरून देत नाही.

किंमत ठरते ती सहज सोडवून काढता न येणाऱ्या गोष्टींवर. नावेचं अंग, त्याखालची वजनदार कील, सुकाणू आणि डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा. या तारा डेकमधून खाली उतरलेल्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. चेनप्लेट म्हणतात त्यांना. वरून पाहिल्या तर चकचकीत दिसतात, पण डेकच्या जाडीत जिथे ओल साचते आणि हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून पोखरलं जातं. एक पट्टी तुटली की डोलकाठी गेली. म्हणून गिऱ्हाइकासाठी नाव तपासणारा जाणकार सर्व्हेअर पट्टी बाहेर काढून दाखवायला सांगतो. फायबरग्लासची नाव असेल तर क्रेनने पाण्याबाहेर घेऊन तो हातातल्या छोट्या हातोडीने वीत-वीत अंतरावर टकटक करत जातो. टणक आवाज आला की पुढे सरकतो, भदभद आवाज आला की खडूने गोल करून ठेवतो. तिथे थर सुटलेले असतात नाहीतर आत पाणी मुरलेलं असतं. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं, हा त्याचा आणखी एक नियम. गिऱ्हाईक येण्याआधीच मालकाने इंजिन तापवून ठेवलं असेल तर त्याचं कारण विचारायला हवं.

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक भाव सांगतं आणि साधारण दहा टक्के विसार देतं, पण सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी मनासारखी झाली तरच, या अटीवर. सर्व्हेचा आणि क्रेनचा खर्च गिऱ्हाइकाचा, दलाली विकणाऱ्याची. तीही बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास. सर्व्हेचा अहवाल हातात आला की घासाघीस नव्याने सुरू होते. कागदपत्रं तपासताना एक गोष्ट विसरू नये: सातबाऱ्यावरचा बोजा जसा जमिनीबरोबर येतो, तसं थकलेलं कर्ज किंवा बोटयार्डचं न भरलेलं बिल मालक बदलला तरी नावेच्या मानगुटीवर राहू शकतं.

विक्रीला निघालेल्या नावांमध्ये माझा सगळ्यात जास्त जीव जडलेली नाव मुंबईत बांधलेली आहे. तिला गिऱ्हाईक मिळालं नाही.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. 1963 मध्ये त्याने मुंबईत स्वतःची नाव बांधायला घेतली. आराखडा अमेरिकी विल्यम अ‍ॅटकिन यांचा, 1920च्या दशकातला, 'एरिक' नावाचा. त्याचं मूळ आणखी मागे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या बचावनौकांमध्ये. हिवाळी वादळात कोळ्यांच्या नावांना आधार द्यायला समुद्रात थांबून राहायचं, हे त्या बचावनौकांचं काम. दोन्ही टोकं निमुळती, पोट भरदार, कील पुढून मागपर्यंत लांब आणि सुकाणू तिच्याच शेवटाला टांगलेलं. 'एरिक' ही त्याच घडणीची, फक्त 32 फुटांची. मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात घडवली, वाकस आणि हातकामठ्यासारख्या जुन्या हत्यारांनी. 1964च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहैली'. इराणच्या आखातातले अरब खलाशी तिथल्या आग्नेय वाऱ्याला या नावाने ओळखतात.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघं तिच्यातून मुंबईहून इंग्लंडला निघाले. मस्कत, मोंबासा, डर्बन करत दक्षिण आफ्रिकेत पोचेतो पैसे संपले. तिथे काम करून त्यांनी पैसे जमवले आणि केप टाउनहून टेम्स नदीपर्यंतची मजल कुठेही न थांबता 74 दिवसांत मारली. म्हणजे नाव तोवर पारखून झालेली होती. तरीही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करायचं डोक्यात घेतल्यावर रॉबिनला मोठी, वेगवान, नव्या आराखड्याची नाव हवी होती. त्या नावेच्या पैशांसाठी त्याने 'सुहैली' विकायला काढली. गिऱ्हाईक मिळेना, प्रायोजकही मिळेना. शेवटी हीच नाव घेऊन तो 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला.

त्या प्रवासात जाहिरातीच्या यादीत शोभणारं जवळजवळ सगळं मोडलं. रेडिओ बंद पडला. टाक्यांमधलं पिण्याचं पाणी नासलं, मग शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरून प्यायची वेळ आली. ऑस्ट्रेलियापर्यंत जाता जाता वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू निकामी झालं. अटलांटिकमध्येच कीललगतच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं होतं. तेव्हा रॉबिनने पाण्याखाली बुड्या मारून फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. मोडली नाही ती मुंबईच्या सुतारांनी जोडलेली चौकट आणि आर्चर-अ‍ॅटकिन यांची ती लांब कील. शिडं नेमकी बांधली की 'सुहैली' सुकाणूला हात न लावता आपली दिशा धरून राहायची. म्हणून स्वयंसुकाणूशिवाय प्रशांत महासागर पार झाला. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ती फालमथला परतली. न थांबता एकट्याने केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा. हा प्रवास 'गोल्डन ग्लोब' शर्यतीचा भाग होता. तिच्यात नऊजण उतरले होते, पूर्ण केली ती एकट्या रॉबिनने.

त्यानंतर या घडणीची नाव बाजारात खपू लागली. कॅलिफोर्नियात 1970च्या दशकात अ‍ॅटकिनच्या आराखड्यावरूनच फायबरग्लासची 'वेस्टसेल 32' निघाली. सुमारे 830 नावा तयार झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अर्धवट अवस्थेत, किट म्हणून विकल्या गेल्या. आत लाकूडकाम, वायरिंग, टाक्या मालकाने स्वतः करायच्या. त्यामुळे आज जुनी वेस्टसेल घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हाच: आतलं काम कुणाच्या हातचं? काहींचं इतकं देखणं आहे की कारखान्याने लाजावं, तर काहींच्या वायरी पाहूनच छातीत धडकी भरते.

अशीच एक वेस्टसेल, 'सातोरी', 1991च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढच्या वादळात सापडली. सोबतच्या दोघींनी मदत मागितली. मालक उतरायला राजी नव्हता, पण तटरक्षक दलाच्या हुकमापुढे त्याचं काही चाललं नाही. तिघांना हेलिकॉप्टरने उचललं. रिकामी नाव वादळात एकटीच राहिली आणि काही दिवसांनी मेरीलँडच्या वाळूवर धडधाकट सापडली. वाळूतून ओढून काढल्यावर ती पुन्हा समुद्रावर गेली. माणसं वाचवली हे योग्यच झालं. पण नावेचं अंग काय ताकदीचं होतं, याचा यापेक्षा चांगला सर्व्हे अहवाल कुठला?

2018 मध्ये 'सुहैली'च्या प्रवासाला पन्नास वर्षं झाली म्हणून गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली. नियम असा: नाव 32 ते 36 फुटांची, आराखडा 1988च्या आधीचा, कील लांब, समुद्रातलं आपलं ठिकाण शोधायचं ते सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंटवर आणि कागदी नकाशांवर. साहजिकच बहुतेकांनी जुन्या नावा शोधून, दुरुस्त करून आणल्या. भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमींची 'थुरीया' मात्र नवीकोरी होती; 'सुहैली'च्याच आराखड्यावर गोव्याच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात सप्टेंबरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर दुखापत झाली आणि एका फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना वाचवलं. शर्यत जिंकली फ्रान्सच्या जाँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी, 'रस्लर 36' जातीच्या नावेतून. तिनेही प्रशांत महासागरात उलथापालथ सोसली होती, डोलकाठीच्या जोडणीला इजा झाली होती. ती वाटेतच दुरुस्त करत ते पोचले.

मणक्यात धातूच्या सळ्या बसवून टॉमी पुन्हा उभे राहिले. 2022च्या शर्यतीसाठी त्यांनी घेतली ती व्हॅन डेन हीड यांची हीच वापरलेली रस्लर, आता 'बायानात' नावाने. प्रदक्षिणा झालेली, मार खाल्लेली नाव. 29 एप्रिल 2023 रोजी ते तिच्यातून फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोनला पोचले, दुसऱ्या क्रमांकाने. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफर यांची 'मिनेहाहा'सुद्धा जुनीच होती.

मुंबई-गोव्याकडच्या कुणाच्या मनात अशी नाव घ्यायचं असेल, तर लंकावीला किंवा फुकेतला जाण्याआधी सर्व्हेअर स्वतः नेमा, दलालाने सुचवलेला घेऊ नका. मालकाकडे जुन्या बिलांची फाइल मागा: तारा कधी बदलल्या, कीलचे बोल्ट कुणी तपासले, चेनप्लेट शेवटच्या कधी बाहेर काढल्या. आणि विकणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की जे मोडलं होतं आणि जे अजून मोडकं आहे, ते जाहिरातीतच लिहा. तुमच्यानंतर त्या नावेत कुणीतरी रात्री, किनाऱ्यापासून हजार मैलांवर, निर्धास्त झोपणार आहे.