मन शांत, तरी छाती धडधडते

रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत अचानक धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात. घरचे घाबरून दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल. डॉक्टर विचारतात, ‘कसलं टेन्शन आहे का?’ रुग्ण म्हणतो, ‘नाही हो, सगळं व्यवस्थित आहे.’ तो काही लपवत नसतो. त्याला खरोखरच भीती वाटलेली नसते.

ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कोस्टा यांच्याकडे धडधड, धाप आणि छातीतलं दुखणं घेऊन सैनिक येत. तब्येतीनं बरेचसे धडधाकट दिसत. अशा 300 हून अधिक सैनिकांची निरीक्षणं त्यांनी 1871 मध्ये प्रसिद्ध केली आणि कारण हृदयातच शोधलं. पुढे 1987 मध्ये बर्नार्ड बाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीत दुखतं म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे आलेल्या लोकांमध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना पॅनिक अटॅकची शारीरिक लक्षणं होती, पण भीतीचा लवलेश नव्हता.

हे कसं होतं? मेंदूतली अमिग्डाला धोका हेरते आणि हायपोथॅलॅमसमार्फत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना अॅड्रेनलिन सोडायला लावते. नाडी वाढते, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. न्यूयॉर्क विद्यापीठातले जोसेफ लेडू यांचं म्हणणं असं, की शरीराला सज्ज करणारी ही यंत्रणा वेगळी आणि ‘मला भीती वाटतेय’ ही जाणीव घडवणारी वेगळी. पहिली चालू असताना दुसरी गप्प राहू शकते. मला हे पटतं, कारण एरवी त्या रुग्णाला आपण एकतर खोटं ठरवतो, नाहीतर नाटकी.

मुंग्यांचंच बघा. ताणात श्वास नकळत भरभर होतो. छातीनं घेतलेल्या अशा श्वासांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना अधिक चिकटतं, मज्जातंतू उतावीळ होतात आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून डोकं हलकं होतं. गंमत अशी, की या वेळी ऑक्सिजन कमी झालेलाच नसतो. ऑक्सिमीटर 98-99 दाखवतो, पण हवा कमी पडतेय असं वाटून माणूस आणखी मोठे श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

पण मग हा ताण मनाला जाणवत का नाही? काहींना भावना ओळखणं, शब्दांत मांडणं मुळातच कठीण जातं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर सिफ्निओस या मनोविकारतज्ज्ञांनी याला ‘अलेक्सिथायमिया’ हे नाव दिलं. पण बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं असतं: वर्षानुवर्षं आवळलेला जबडा, आखडलेली मान, सकाळी कामावर निघताना हमखास बिघडणारं पोट यांची सवय होऊन जाते. घरातलं आजारपण, कर्जाचे हप्ते, नोकरीची धाकधूक हे सगळं ‘चालायचंच’ या खात्यात जमा होतं.

मग ओळखायचं कसं? लक्षणं कधी येतात ते महिनाभर वहीत लिहून ठेवा. जिना चढताना काही होत नाही, पण निवांत बसल्यावर धडधडतं. सुट्टीत पोट ठीक असतं, रविवारी संध्याकाळी बिघडतं. घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, पण जेवताना घास सहज उतरतो. असा नमुना दिसला तर चिंतेची शक्यता डॉक्टरांपुढे स्वतःहून मांडावी.

मात्र हे निदान घरी करू नये. थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, साखर उतरली असेल किंवा हृदयाची लय बिघडली असेल, तरी अगदी हाच त्रास होतो. छातीतली कळ श्रमानं वाढत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम किंवा भोवळ येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावं. तपासण्या आधी, चिंतेचा विचार नंतर.

तपासण्या नॉर्मल आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ एवढं सांगून रुग्णाला घरी धाडणं मात्र अन्यायाचं आहे. त्याची नाडी खरंच वाढलेली असते, मुंग्या खऱ्या असतात. अशा चिंतेवर वर्तन-उपचार आणि गरज पडल्यास औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, तेही विनाशुल्क. तिथे ‘मला टेन्शन नाही, पण धडधडतं’ एवढं सांगूनही सुरुवात करता येते.