वास्तू 'तथास्तु' म्हणत नाही

नुकतं चालायला लागलेलं मूल उंबऱ्याला अडखळून पडतं. कपाळावर टेंगूळ, रडून घर डोक्यावर. आजी धावत येते, त्याला उचलते आणि उंबऱ्यावर चापट मारून म्हणते, "कुणी लावलं आमच्या सोन्याला? हात् रे उंबऱ्या!" मूल हुंदके देत उंबऱ्याकडे बघतं आणि गप्प होतं. आजीच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण मुलाला भावनांचा एक धडा नकळत मिळून गेला: दुखलं की दोषी शोधायचा आणि त्याला मारायचं.

मेंदू, विचार आणि भावना यांचे धडे आपण मुलांना असे रोज देत असतो. शाळेत जायच्या आधीच त्यातले पुष्कळसे देऊन झालेले असतात, आणि त्यांतले कितीतरी चुकीच्या समजांवर उभे असतात. असे काही समज इथे तपासून पाहू. त्यांतल्या एकावर मी जास्त थांबणार आहे, कारण त्याचा त्रास मुलं कुणालाही न सांगता एकटी सोसतात.

"एवढ्याशा पोराला काय कळतंय!"

पुष्कळ कळतं. तीन वर्षांचं मूल "मला वाटलं तू गेलीस" असं सहज बोलून जातं. आपल्याला वाटलेलं आणि खरं असलेलं वेगळं असू शकतं, हे त्या एका वाक्यात आलेलं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत हेच उमगायला थोडा वेळ लागतो. १९८३ साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मुलगा चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. आपल्याला ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत उत्तर बदलतं. लाडवांचा डबा हलवून हा प्रयोग कुठल्याही स्वयंपाकघरात करून बघता येईल.

काही गोष्टी मात्र मुलांना आपसूक कळत नाहीत. जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मुलांना विचारलं, की नुसता गप्प बसलेला माणूस काही विचार करत असेल का? तीन-चार वर्षांच्या बहुतेक मुलांचं उत्तर होतं, नाही. बसलाय, म्हणजे डोकं रिकामं. विचार न बोलावता येतात, सारखे येत असतात आणि सगळ्यांनाच येतात, ही जाण यायला सात-आठ वर्षांचं वय उजाडतं. तोवर ही गोष्ट कुणीतरी सांगावी लागते. सांगितली नाही तर काय होतं, ते पुढे येईलच.

"भावना हृदयात, विचार डोक्यात"

मन कुठे आहे असं विचारलं तर लहान मूल छातीवर हात ठेवतं, आणि मोठी माणसंही. आपली भाषाच तशी आहे. काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. हे शब्दप्रयोग चुकीचे म्हणून मुलाला सुधारायला जाऊ नये, कारण शरीरात खरंच काहीतरी घडत असतं. भीती वाटली की छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो, पोट आवळतं. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद, रोमांच, कंप, अश्रू हे सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे शरीरावर उमटणाऱ्या भावांमध्ये, मोजले आहेत. मेंदू शरीराला निरोप धाडतो, शरीर मेंदूला, आणि या येरझाऱ्यांतून आपल्याला 'भीती वाटतेय' असं जाणवतं.

मुलांची चूक वेगळीच असते. जॉन्सन आणि वेलमन यांच्या १९८२ सालच्या अभ्यासात दिसलं, की विचार करायला आणि आठवायला मेंदू लागतो हे बालवाडीच्या वयाच्या मुलांनाही मान्य असतं. पण चालायला किंवा शिंकायला तो कशाला, असं त्यांना वाटतं. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला एवढं सांगावं: कवटीच्या आत अक्रोडाच्या गरासारखा दिसणारा, खरवसाइतका मऊ मेंदू असतो. तू धावतोस, शिंकतोस, घाबरतोस, स्वप्न बघतोस, त्या सगळ्यात त्याचा हात असतो. इतकं त्या वयाला पुरतं, आणि ते खरं आहे.

चित्रांच्या पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत हल्ली मेंदूतल्या 'अमिग्डाला' या बदामाएवढ्या भागाला भुंकणारा कुत्रा केलेलं असतं. चित्र गोड आहे, पण राग आणि भीती यांचं घर एवढंच, असा समज त्यातून पक्का होतो. अमेरिकेत एका स्त्रीचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला दुर्मिळ आजाराने निकामी झाले होते. सापांना, भयपटांना ती घाबरत नसे. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ती भीतीने कासावीस झाली. एका भावनेसाठी मेंदूत एकच खोली राखून ठेवलेली नाही.

"राग वाईट. शहाणी मुलं रागावत नाहीत."

मुलग्यांसाठी याचीच जोड आवृत्ती असते, "रडतोस काय मुलीसारखा!" एका वाक्यात मुलगा आणि मुलगी दोघांचाही अपमान. भावनांची चांगल्या आणि वाईट अशी वाटणी शास्त्रात टिकत नाही. भीती नसती तर रस्ता ओलांडणारं मूल गाडीसमोर थांबलं नसतं. नाट्यशास्त्राच्या आठ स्थायीभावांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे चार आपण घरात 'वाईट' ठरवलेलेच आहेत. त्यांच्यावाचून भरताला माणूस रंगमंचावर उभा करता आला नाही.

वागणं चुकू शकतं, भावना चुकत नाही. "तुला राग आलाय, ते ठीक आहे. पण चावायचं नाही." या दोन वाक्यांत सगळं आलं.

आणि भावनेला नाव द्यावं. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ सालच्या प्रयोगात माणसांनी चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव शोधलं, तेव्हा त्यांच्या अमिग्डालाची हालचाल मंदावलेली दिसली. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण आयांच्या अनुभवाशी जुळणारा. मराठी तर या बाबतीत गर्भश्रीमंत आहे. रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, भेदरणं, ओशाळणं, धुसफुसणं, हुरहुर, धास्ती, हेवा. यांतल्या प्रत्येक शब्दामागे वेगळी अवस्था आहे. हिरमुसलेल्या मुलाला जवळ घ्यावं लागतं, धुसफुसणाऱ्याला थोडा वेळ एकटं सोडावं लागतं. आपण मात्र मुलांना इंग्रजीतले 'सॅड' आणि 'अँग्री' देऊन मोकळे होतो. जेवायला बसल्यावर यातला रोज एक शब्द वापरा, एवढंच माझं मागणं आहे.

"उशीला बडव, राग निघून जाईल"

हा सल्ला समुपदेशनाच्या नावाखालीही दिला जातो. मनात वाफ कोंडली आहे, ती बाहेर काढली की झालं, अशी ही कल्पना. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर ती तपासली. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचाच विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त टिकला. नुसते बसलेले जास्त निवले. उंबऱ्याला चापट मारणाऱ्या आजीपर्यंत हा निष्कर्ष पोचायला हवा. त्याऐवजी, "लागलं ना? दुखतंय? ये, फुंकर घालते," एवढं पुरतं.

मूल हातपाय आपटत असताना उपदेश करू नये. स्वतःला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. चार वर्षांच्या मुलाला त्या क्षणी मोठ्या माणसाचा शांत आवाज उसना लागतो. समजावणं नंतर, पोट भरल्यावर.

"असा विचार मनात आणूच नये"

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. संध्याकाळी मूल काही अभद्र बोललं की घरातलं मोठं माणूस दटावतं, "शुभ बोल! वास्तू तथास्तु म्हणते." हे वाक्य मी लहानपणी ऐकलं आहे, आणि तुम्हीही ऐकलं असेल. मोठ्यांसाठी ती बोलण्याची रीत आहे. मुलासाठी ती माहिती असते: मनात आलेलं खरं होतं.

सहा वर्षांच्या मुलीला धाकटा भाऊ होतो. सगळे त्याच्याभोवती. एके दिवशी तिच्या मनात येतं, हा नसता तर बरं झालं असतं. आठवड्याने बाळाला ताप येतो आणि दवाखान्यात ठेवावं लागतं. आता त्या मुलीच्या डोक्यात काय चाललं असेल? ती जेवत नाही, रात्री उठून बाळाला हात लावून बघते, विचारलं तर काही सांगत नाही. कारण सांगायचं म्हणजे गुन्हा कबूल करायचा. इच्छेने घटना घडते असं मानणं हा लहान वयातल्या विचारपद्धतीचा भागच आहे. जाँ पियाजे यांनी त्याबद्दल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवलं. त्या नैसर्गिक समजाला आपण घरातून दुजोरा देतो. आजोबा वारले, आईवडील वेगळे झाले, की "माझ्यामुळे झालं का?" हा प्रश्न मुलं मनातच ठेवतात.

वस्तुस्थिती अशी, की विचारामुळे कुणाला ताप येत नाही. विचार म्हणजे कृती नव्हे. आणि नको तो विचार सगळ्यांनाच येतो, आईलाही.

"काढून टाक मनातून" हा उपायही चालत नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली तीच प्रयोगशाळेत दाखवली. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. घंटी मिनिटाला एकाहून जास्त वेळा वाजली. मुलांना हा खेळ फार आवडतो. माकडाचा विचार करायचा नाही म्हटलं की ती खिदळायला लागतात, आणि विचार आपल्या हुकमात नसतो हे पाठ न करता समजतं. मग पुढचं सांगता येतं: येऊ दे. रस्त्यावरून रिक्षा जाते तसा तोही जाईल, प्रत्येक रिक्षात आपण बसत नाही.

थोडक्यात निकाली निघणारे काही

माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, हे खोटं आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या शरीरातली जवळजवळ निम्मी ऊर्जा एकट्या मेंदूला लागते, असं २०१४ सालच्या एका अभ्यासात आढळलं. नव्वद टक्के झोपलेल्या अवयवाला एवढं कशाला लागेल? कुणी डाव्या मेंदूचा आणि कुणी उजव्या मेंदूचा, हेही नाही. २०१३ साली युटा विद्यापीठात हजाराहून जास्त लोकांचे मेंदू तपासले, त्यात तशी माणसं सापडली नाहीत.

डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे 'मिड ब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग हा मात्र नुसता गैरसमज नाही, फसवणूक आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल नाकाजवळच्या फटीतून बघतं. फट नीट बुजवली की वाचन थांबतं. सगळ्यात वाईट हे, की मुलाला ते ठाऊक असतं, आणि आईबाप टाळ्या वाजवत असतात. पैसे देऊन आपण त्याला खोटं बोलायला शिकवतो.

शेवटी पुन्हा मुलं मनातच ठेवतात त्या प्रश्नाकडे, "माझ्यामुळे झालं का?" घरात आजारपण, मृत्यू किंवा ताटातूट घडली असेल, तर मुलाने विचारायची वाट न बघता त्याला सांगा: हे तुझ्या विचाराने झालेलं नाही. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगा. तरीही मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, शाळेला जायला घाबरत असेल, सतत स्वतःला दोष देत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, आणि तिथे मराठीत बोलता येतं.