घरचा लिनक्स संगणक अडला, तर आधी पाहा तो कुठे अडला

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुना संगणक टाकून द्यायला नको म्हणून अनेकांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घातलं. तो कधी अडला, की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने बसवा. तशी वेळ क्वचितच येते. बटण दाबल्यापासून संगणक ठरलेल्या क्रमाने जागा होतो. तो कुठे थांबला हे आपल्याला कळलं, की निम्मं काम झालं.

१. पंखा फिरतो, पण पडदा काळा. नुसती बीप वाजते. यात लिनक्सचा दोष नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत रॅमच्या, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणाऱ्या पट्टीच्या, सोनेरी टोकांवर थर बसतो. संगणक बंद करून वायर काढावी. पट्टी कडेने धरून बाहेर घ्यावी, टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसावीत आणि ‘टक्’ आवाज होईपर्यंत पुन्हा दाबून बसवावी.

२. कंपनीचं चिन्ह दिसतं, पुढे काही नाही. अपडेटनंतर असं झालं, तर नवं कर्नल आपल्या यंत्राशी जुळलं नसावं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. नवं आलं तरी जुनं लगेच पुसलं जात नाही, हे आपल्या पथ्यावर पडतं. सुरू होताना एस्केप दाबावं (जुन्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावं), म्हणजे ग्रब नावाची यादी येते. तिच्यातल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचं कर्नल निवडावं. त्यावर संगणक चालला, तर दोष कुठे आहे ते कळलंच. पुढचं अपडेट येईपर्यंत तेच वापरावं.

३. काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असं येतं. हे बहुधा अचानक वीज गेल्यानंतर घडतं. डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहिलेल्या असतात. घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. ‘एक्झिट’ असं रोमन अक्षरांत टाईप करून एंटर दाबलं, की कोणत्या भागात बिघाड आहे त्याचं नाव पडद्यावर येतं. मग ‘एफएससीके’ ही तपासणीची आज्ञा, एक जागा सोडून ते नाव, आणि एंटर. प्रश्न विचारले जातील, त्यांना ‘वाय’ म्हणावं.

४. पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा पासवर्डचाच पडदा. डिस्क काठोकाठ भरली की असं होतं, कारण आत शिरताना लिनक्सला थोडं लिहावं लागतं आणि त्यालाच जागा नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावेत. नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. तिथे आपलं नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून अनेकजण इथेच हात टेकतात. टाईप करत राहावं. ‘सुडो एपीटी क्लीन’ ही आज्ञा उतरवून घेतलेली जुनी पॅकेजं काढते. ‘सुडो’ म्हणजे मालकाच्या अधिकाराने. जागा झाली की संगणक पुन्हा सुरू करावा.

५. अपडेट अर्धवट राहिलं. देखभालीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला वार गुरुवार. त्या दिवशी मोठं अपडेट लावू नये, किंवा इन्व्हर्टर असेल तरच लावावं. अर्धवट राहिलंच, तर पुढच्या वेळी पडद्यावर दुरुस्तीची आज्ञा शब्दशः लिहून येते; ती जशीच्या तशी टाईप करावी. ‘लॉक’ असा शब्द दिसला, तर मागे दुसरं अपडेट चालू आहे. अशा वेळी चहा करून यावा. कुलपाची फाईल पुसण्याचा सल्ला मिळाला तरी ऐकू नये, त्याने चालू काम मोडतं.

एवढं झालं की उरते ती देखभाल. आठवड्यातून एकदा अपडेट मॅनेजर उघडावा. महिन्यातून एकदा कचरापेटी आणि डाऊनलोड्स रिकामं करावं. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, पंख्यावरची धूळ ब्रशने झाडावी; पंखा तेवढा बोटाने धरून ठेवावा.

मिंटमध्ये टाईमशिफ्ट असतं. ते यंत्रणेची आजची स्थिती जपून ठेवतं आणि बिघाड झाला की मागे नेतं. पण घोटाळा इथेच होतो: आपण सांगितल्याशिवाय ते फोटो आणि कागदपत्रं जपत नाही. त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि घेतल्यावर ती उघडते का ते पाहावं.

मग फॉरमॅट कधी? डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, किंवा ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये ती निकामी होत असल्याचा इशारा असेल, तर फॉरमॅटनेही भागत नाही, डिस्कच बदलावी लागते. म्हणून ज्यावरून लिनक्स बसवलं तो पेनड्राइव्ह पुसू नये. संगणक त्यावरून सुरू केला, की जुन्या डिस्कला न दुखवता आतल्या फाईली बाहेर काढता येतात. आधी फाईली, मग दुरुस्ती.