सर्वांचे अंगण

मुलांनो, शाळेत जाता-येता तुम्हांला एखादी पडीक जागा दिसत असेल. तिथे फुटक्या विटा, जुने टायर, कागद आणि पिशव्या पडलेल्या असतात. मधूनच एखादे रुईचे झुडूप वर आलेले असते. येणारे-जाणारे नाक दाबून पुढे जातात. "ही जागा कोणाची?" असे विचारले, की लोक म्हणतात, "कोणाचीच नाही!"

जी जागा कोणाचीच नाही, ती सर्वांची होऊ शकेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण सिंगापूरला जाऊ.

सिंगापूर हा आग्नेय आशियातील एक छोटासा देश आहे. तो मुख्यतः एका बेटावर वसलेला आहे. 'सिंहपूर' या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव पडले. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा तो फार मोठा नाही. एवढ्याशा जागेत सुमारे ६० लाख माणसे राहतात. त्यांत चिनी, मलाय, भारतीय असे अनेक वंशांचे लोक आहेत. बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. अशा घरांना अंगण कोठून असणार? मग मुलांनी खेळायचे कोठे? आजी-आजोबांनी गप्पा मारत बसायचे कोठे? म्हणूनच तेथे मोकळ्या जागेला फार मोल आहे.

या देशातून पूर्वी एक आगगाडी धावत असे. दक्षिणेकडील तांजोंग पागर या स्थानकातून ती निघायची आणि उत्तरेला समुद्रावरचा मार्ग ओलांडून शेजारच्या मलेशिया देशात जायची. तांजोंग पागर स्थानक १९३२ साली सुरू झाले. पुढे १९६५ साली सिंगापूर मलेशियापासून वेगळा झाला. तरीही रुळांखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली. त्यामुळे एक गंमत झाली. शहर वाढत गेले, उंच इमारती उभ्या राहिल्या. पण रुळांच्या कडेने मात्र कोणी काही बांधले नाही. तेथे गवत वाढले, वेली वाढल्या, झाडे वाढली. पाखरांनी घरटी केली.

३० जून २०११ या दिवशी रात्री तांजोंग पागरहून शेवटची गाडी सुटली. दुसऱ्या दिवसापासून ती जमीन सिंगापूरची झाली. सुमारे २४ किलोमीटर लांबीची ही पट्टी आता मोकळी पडली होती. तिचे करायचे काय? जागेची एवढी टंचाई असलेल्या देशात तेथे रस्ते आणि इमारती सहज उभ्या राहिल्या असत्या. जमिनीला किंमतही भरपूर आली असती.

परंतु तेथील निसर्गप्रेमी लोकांनी आधीच विचार केला होता. २०१० सालीच त्यांच्या संस्थेने सरकारला सुचवले, की या पट्टीचे तुकडे करू नका. ती सलग हिरवी राहू द्या. लोकांना तेथून चालू द्या.

ती सलग का हवी होती? समजा, तुमच्या गावात दोन आमराया आहेत आणि त्यांच्यामध्ये मोठा रहदारीचा रस्ता आहे. एका आमराईतली खार दुसरीत कशी जाईल? पण दोन्हींना जोडणारी झाडांची रांग असेल, तर ती सहज जाईल. रुळांची ही वाट अशाच एका हिरव्या दोरीसारखी होती. तिने ठिकठिकाणची झाडी एकमेकींना जोडली होती. दोरी मध्येच तुटली असती, तर तिचा उपयोग राहिला नसता.

गाड्या बंद झाल्यावर काही दिवस ती वाट लोकांसाठी खुली ठेवली. हजारो माणसे रुळांवरून चालून आली. सरकारनेही लोकांची मते विचारली. शेवटी ही वाट हिरवी ठेवायचे ठरले. रूळ काढून मलेशियाला परत देण्यात आले. आठवण म्हणून थोडे रूळ आणि काही जुने लोखंडी पूल तेवढे ठेवले. बुकित तिमाह येथील छोटे स्थानकही जपून ठेवले. बरीच दुरुस्ती करून मधला सुमारे चार किलोमीटरचा भाग २०२१ साली लोकांसाठी पुन्हा खुला झाला. आज तेथे लोक चालतात, पळतात, सायकल चालवतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही. म्हणून रुळांची वाट नेहमी जवळजवळ सपाट बांधतात. हीच वाट माणसांना चालायला मिळाली, तर काय होईल? आजोबांना दम लागणार नाही. बाळाची गाडी ढकलताना आईला त्रास होणार नाही. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलालाही पुढे जाता येईल. पण अडचण अशी, की काही ठिकाणी ही वाट मातीच्या उंच भरावावर आहे आणि रस्ता खाली आहे. नुसत्या पायऱ्या केल्या असत्या, तर चाकांची खुर्ची खालीच अडली असती. म्हणून काही ठिकाणी हळूहळू वर जाणारा उतार केला आहे. जागा सर्वांची व्हायची असेल, तर सर्वांना तेथे पोहोचता आले पाहिजे.

आता दुसरी हकिकत ऐका. ती एका नदीची आहे.

सिंगापूरमध्ये कालांग नावाची नदी आहे. पावसात तिला पूर यायचा. पाणी लवकर वाहून जावे म्हणून पूर्वी तिचा तळ आणि काठ काँक्रीटचे केले. नदीचा सरळसोट नाला झाला. एका बाजूला लोकांची वस्ती, दुसऱ्या बाजूला बिशान नावाची बाग आणि मध्ये हा नाला! तेथे ना मासे, ना झाडे. नदीजवळ जावे असे कोणालाच वाटत नसे.

२००९ साली तेथे काम सुरू झाले. काँक्रीट फोडून काढले. नदीला पुन्हा वळणे दिली. सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा सरळ नाला ३.२ किलोमीटर लांबीची वळणदार नदी झाला. काठाची माती वाहून जाऊ नये म्हणून दगड रचले आणि मुळांनी माती घट्ट धरणारी झाडे लावली. काँक्रीटचे तुकडेही वाया गेले नाहीत. त्यांतले काही वापरून बागेत एक टेकडी केली.

मग पुराचे काय झाले? तुम्ही म्हणाल, भिंती पाडल्यावर पूर जास्तच येईल! पण तसे नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना गवताची रुंद, उतरती जमीन ठेवली आहे. एरवी मुले तेथे खेळतात. जोराचा पाऊस आला, की पाणी त्या जमिनीवर पसरते आणि हळूहळू पुढे जाते. पाणी वाढू लागले, की दिवे लागतात व भोंगा वाजतो. मग लोक वर निघून येतात. अंगण थोडा वेळ नदीला द्यायचे आणि पाऊस ओसरला, की परत घ्यायचे, अशी ही युक्ती आहे.

२०१२ साली हे काम पूर्ण झाले. मासे आले. चतुर आणि बगळे आले. पुढे पाणमांजरांची कुटुंबेही दिसू लागली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. जागा चांगली झाली आणि ती आपणहून आली.

मुलांनो, "सिंगापूर श्रीमंत देश आहे, आपल्याकडे असे कसे होईल?" असे तुम्हांला वाटेल. पण आपल्या मुंबईत धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. त्या कचऱ्याच्या ढिगांवर माती टाकून झाडे लावली. १९८३ साली प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपण झाले. १९९४ साली हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे. फुलपाखरे आहेत. शाळांच्या सहली तेथे जातात. पायाखाली एके काळी कचरा होता, हे सांगूनही खरे वाटत नाही.

रुळांची वाट, काँक्रीटचा नाला आणि कचऱ्याचा ढीग. तिन्ही जागांकडे आधी कोणीतरी नीट पाहिले, म्हणून पुढचे सारे घडले.

तुम्हीही असे पाहू शकता. गुरुजींबरोबर किंवा घरच्या मोठ्या माणसांबरोबर जवळची एखादी पडीक जागा पाहायला जा. तेथील काचा, पत्रे यांना हात लावू नका. सावली कोठे पडते, पाणी कोठे साचते, कोणती झाडे आपोआप उगवली आहेत, ते वहीत लिहा. मग त्या जागेचे अंगण कसे होईल, याचे चित्र काढा.

चित्र पुरे झाले, की एकदा पुन्हा तपासा. तुमच्या चित्रात खेळणारी मुले असतीलच. पण काठी टेकत येणाऱ्या आजीला बसायला कट्टा आहे का? चाकांच्या खुर्चीतल्या मित्राला आत यायला वाट आहे का? पाखरासाठी झाड आहे का? एखादे कोणी राहून गेले असेल, तर खोडरबर घ्या आणि त्यालाही जागा करून द्या.