पाण्यावरचा पंखा आणि आपली मरळ

पाऊस साथ देऊन गेला असेल, तर दिवाळीच्या सुमाराला धाराशिव जिल्ह्यातलं पाणी बघण्यासारखं असतं. माकणीचा निम्न तेरणा, परंड्याकडचा सीना-कोळेगाव, तेरजवळचा तेरणा प्रकल्प, नळदुर्गच्या बाजूची बोरी ही सगळी पाणी बाळगून असतात. पावसाळ्यातला गाळ खाली बसलेला असतो आणि काठच्या गवतात हात-दीड हात पाणी उभं असतं. गळ टाकणाऱ्याचा हा खरा हंगाम. याच दिवसांत हौशी मंडळींच्या डब्यात एक नवी वस्तू दिसू लागली आहे. बोटभर लांबीचं रंगीत लाकूड किंवा प्लास्टिक, आणि त्याच्या टोकाला पत्र्याचा छोटा पंखा. पाण्यावर ओढलं की पंखा फिरतो, पाणी उडवतो, गुरगुर आवाज करतो. खोक्यावर चित्र असतं बास माशाचं.

बास आपल्याकडचा नाही, तो उत्तर अमेरिकेचा. हे आमिषही तिकडचंच. मिशिगन राज्यातल्या डोवाजियॅक गावच्या जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाचे बेडूक कोरून त्यांवर मासे धरायला सुरुवात केली. हेडन मुळात नावाजलेले मधमाशीपालक. त्यांच्या कंपनीने पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जे लाकडी मासे बाजारात आणले, त्यांतल्या अनेकांना पुढे-मागे धातूचे पंखे होते. हेडनचाच ‘टायनी टॉर्पेडो’ आजही विकला जातो. लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टच्या जॅक स्मिथविक यांचा ‘डेव्हिल्स हॉर्स’ म्हणजे सडपातळ लाकूड आणि दोन्ही टोकांना पंखे. लॅरी डालबर्ग यांनी ‘व्हॉपर प्लॉपर’मध्ये आमिषाची शेपटीच फिरती केली. ही सगळी कल्पकता तिकडच्या तळ्यांसाठी आणि तिकडच्या माशासाठी होती. मग ती आपल्या कामाची कशी?

याचं उत्तर फ्लोरिडात मिळतं. तिथल्या टॅमरॅक भागात 2000 साली एक परका मासा सापडला. त्याची नोंद चॅना मारुलियस, म्हणजे आपल्या नद्या-तलावांतली मोठी मरळ, अशी झाली. तेव्हापासून तिथले लोक बाससाठी घेतलेल्या काठीने आणि बासच्याच आमिषांनी मरळ धरत आहेत. परमुलखातल्या कालव्यात ती रबरी बेडकावर जशी झडप घालते, तशीच घरच्या पाण्यातही घालते. मात्र मरळ म्हणजे बास नव्हे. पंख्याचं आमिष निवडताना खोक्यावरचं चित्र विसरून मरळीचा स्वभाव आणि आपलं पाणी यांच्याकडे बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मरळ हवेत श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिला एक खास पोकळी असते, तीत हवा भरायला ती थोड्या थोड्या वेळाने वर येते. काठावर गप्प बसलं तर दिसतं, की शेवाळाच्या फटीत आधी दोन-चार बुडबुडे येतात, मग काळपट तोंड क्षणभर वर येतं, ‘चप्’ असा आवाज होतो आणि पाणी पुन्हा सपाट. जो मासा जगण्यासाठीच वर येतो, त्याच्यासाठी पाण्यावरचं आमिष हा मुख्य मार्गच म्हणायचा. दुष्काळी मुलखात ती टिकून आहे तीही या श्वासामुळे. तळं आटलं की तिची धाकटी जात, चॅना स्ट्रायटा, ओल्या चिखलात दडून दिवस काढू शकते. पाण्याबाहेरही ती बराच वेळ जिवंत राहते, म्हणून बाजारात ती जिवंत विकली जाते. 1948 पर्यंत आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या बत्तिनी घराण्याच्या मृग नक्षत्रावरच्या दम्याच्या औषधातही जिवंत मरळीचं पिल्लूच गिळायला देतात. तेलंगणाने तर 2016 साली तिला राज्य मासा केलं. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने 1887 साली भारतातल्या तळ्यांवरच्या गळासाठी ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आपल्या तळ्यांना गळाचा इतिहास नाही असं कुणी समजू नये.

आता निवडीकडे येतो.

एकच पंखा, तोही मागे, असं आमिष पाण्यावर थोडं शेपटीकडे झुकून तरंगतं. काठीच्या टोकाने छोटा झटका दिला की फर्रकन पाणी उडवतं आणि थांबतं. सकाळी वारा पडलेला असताना, पाणी निवळ असताना हेच बरं. एक झटका, मग वलयं विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई करणाऱ्याला यात मासा मिळत नाही. दोन्ही टोकांना पंखे असलेल्या आमिषात पुढचा पंखा लगाम लावल्यासारखं काम करतो. आवाज दुप्पट होतो, पण आमिष फारसं पुढे सरकत नाही. पाण्यात बुडालेल्या बाभळीशेजारी, जिथे मरळ दबा धरून असणार याची खात्री आहे, तिथे एकाच जागी जास्त वेळ खेळवायला यासारखं दुसरं नाही. फिरत्या शेपटीचं आमिष उलट सतत ओढायचं असतं. ‘प्लप्-प्लप्’ करत ते लांबचं पाणी धुंडाळतं. मासा कुठे आहे हेच माहीत नसेल, तर सुरुवात याने करावी.

लांबी तीन ते चार इंच पुरे. त्याहून लहान आमिष जड दोरीवर नीट फेकलं जात नाही. रंगावर लोक फार पैसे घालवतात. मासा खालून बघतो, त्याला दिसतं फक्त पोट आणि सावली. निवळ पाण्यात फिकं पोट, ढगाळ हवेत आणि दिवेलागणीला काळं, एवढ्यावर माझं भागतं.

दुकानात पंखा बघायची एक साधी रीत आहे. आमिष तोंडासमोर धरून हलकी फुंकर मारायची. पंखा अडखळत फिरला, तर तो पाण्यातही अडखळणार. घरी आणल्यावर पात्यांचा पीळ पकडीने किंचित बदलता येतो. पीळ कमी-जास्त केला की आवाजाची जात बदलते. एका वेळी केसाएवढाच बदल करावा, कारण पातं मोडलं की जुळत नाही. दुसरी गोष्ट दोरीची. मरळीसाठी 30 ते 40 पौंडी विणलेली दोरी लागतेच, पण ती मऊ असल्याने पुढच्या पंख्यात गुरफटते. म्हणून आमिषाच्या पुढे हात-दीड हात जाड, ताठ नायलॉन बांधावं. फ्लुरोकार्बन इथे नको. ते बुडतं आणि आमिषाचं नाक खाली ओढतं.

पाण्याची जात मात्र प्रकल्पागणिक बदलते. आपली काळी माती एकदा पाण्यात उतरली की लवकर बसत नाही. श्रावण-भाद्रपदात तेरणेचं किंवा मांजरेचं पाणी चहासारखं असतं. तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने, पाण्याच्या कंपनांवरून भक्ष्य ओळखतो. अशा वेळी मोठ्या पात्यांचा, दणदणीत आवाजाचा पंखा हवा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की तोच आवाज मासा बुजवतो, तेव्हा लहान पातं. उन्हाळ्यात आणि कोरड्या वर्षी पाणी मागे हटतं, बुडालेले खुंट आणि जुने बांध वर येतात. तिथे तीन काट्यांचे गळ असलेलं आमिष म्हणजे प्रत्येक फेकीला अडकणं.

शेवाळ, पाणकणीस, कमळाची पानं यांत तर पंखा चालतच नाही. एक धागा गुंडाळला गेला की पंखा बंद. हे मुद्दाम सांगतो, कारण मरळ नेमकी तिथेच राहते. अशा जागी वर वळलेल्या दोन गळांचा पोकळ रबरी बेडूक वापरावा. पाहिजे तर मागे छोटं पातं लावलेला. पंख्याचं खरं राज्य शेवाळाच्या कडेवर, जिथे हिरवं संपतं आणि उघडं पाणी सुरू होतं त्या हातभर पट्ट्यात. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून बोरीचं अडवलेलं पाणी पाहिलं की ही कड कशी नागमोडी जाते ते समजतं. बाकी त्या ऐतिहासिक जागेत गळ टाकू नये, ती बघायचीच जागा आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचं आहे. पावसाळ्यात मरळ पाण्यावरच्या वनस्पती बाजूला सारून घरटं करते. अंडी फुटली की तांबूस पिल्लांचा थवा वर-खाली करत राहतो आणि खाली आई-बाप राखण करतात. त्या थव्यावरून पंखा ओढला की मोठी मरळ हमखास तुटून पडते. ती तेव्हा भुकेने येत नाही, पिल्लांना वाचवायला येते. ती उचलली की चिलापी आणि इतर मासे काही वेळातच पिल्लांचा फडशा पाडतात. पंख्याने हे काम फार सोपं करून ठेवलं आहे, म्हणूनच तांबूस थवा दिसला की काठी गुंडाळून पुढच्या काठाला जावं. अशी मरळ धरून फोटो काढण्यात कसलंही कौशल्य नाही.

बहुतेक प्रकल्पांतली मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. भोई-कोळ्यांची घरं त्यावर चालतात. काठावर जाण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारावं. त्यांची जाळी कुठे लावली आहेत तेही कळतं, आणि मरळ कुठे वर येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. विचारल्यावर बहुतेक जण हाताने जागा दाखवतात.

विकत आणलेल्या पंख्याच्या आमिषाला तीन काट्यांचे बारीक गळ असतात. मरळीचं तोंड हाडाचं आणि जबडा जोरकस, त्यात ते सरळ होतात. ते काढून एक काट्याचे जाड गळ बसवावेत आणि काट्याची उलटी नखी पकडीने दाबून टाकावी. नवे गळ जड असतात, म्हणून आमिष आधी बादलीत टाकून बघावं. मागचा पंखा निम्मा पाण्यात आणि निम्मा वर राहिला, तर ते माकणीला न्यायला तयार आहे. पूर्ण बुडाला, तर एका नंबरने लहान गळ लावून पुन्हा बघावं.